हातमोजे नंतर, आधी लाकूड धरायची सोय

प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फर्निचरचं वर्कशॉप, जोडीला थोडं फॅब्रिकेशन. सहा सुतार, दोन फिटर. पावसाळा लागल्यापासून दोन सुतारांचे डावे अंगठे करवतीने कापले, आणि एका फिटरच्या हॅक्सॉचं (धातू कापायच्या करवतीचं) ब्लेड मोडून त्याच्या बोटांची सालं निघाली. सगळ्यांना हातमोजे द्यावेत का, द्यायचे तर कोणते? की हातकरवत बंदच करून सगळं मशीनवर न्यावं?

मोज्यांवर खर्च करायला हरकत नाही, पण ते अंगठे मोज्यांनी वाचतीलच असं नाही. दोघांचाही डावा अंगठा, म्हणजे जखम बहुतेक काप सुरू करताना झालेली आहे. उजव्या हातात करवत, डाव्या हाताने लाकूड दाबलेलं आणि पातं रेघेवर टेकवायला डाव्या अंगठ्याचा आधार. पहिल्या दोन-तीन हातांत (म्हणजे करवतीच्या पुढे-मागे फेऱ्यांत) दातांना बसायला खाचच नसते. करवत बोथट असली तर ती लाकडात घुसण्याऐवजी वरून घसरते, आणि घसरून जायला शेजारी अंगठाच असतो. तेव्हा खर्चाचा क्रम उलटा लावा: आधी लाकूड हाताशिवाय धरायची सोय, मग करवतींना धार, आणि उरलेल्या पैशांत मोजे.

काप सुरू करायची रीत आधी सांगतो. नुसती पेन्सिलची रेघ पुरत नाही. गुण्या लावून तीच रेघ धारदार चाकूने कोरून घ्या आणि टाकाऊ बाजूकडून पटाशीने तिरका हलका काप देऊन लाकडाची बारीक सळ काढा. दातांना बसायला आयती खाच मिळते. कपाटाच्या दिसणाऱ्या भागांना असंही हे करावंच लागतं, कारण त्याने कापाची कड फाटत नाही. जिथे एवढा वेळ नाही तिथे मुठीजवळचे दात रेघेवर टेकवून, करवतीचं स्वतःचं वजनही पुरतं न टाकता, दोन-तीनदा फक्त मागे ओढायची. पहिल्याच हाताला पुढे ढकलली की ती उडते. जपानी पद्धतीच्या, ओढताना कापणाऱ्या करवती हल्ली दिसतात; त्यांचं गणित उलटं, तिथे पहिला हलका हात पुढे ढकलायचा.

अंगठ्याचा आधार द्यायचाच असेल तर अंगठ्याचं पेर दातांच्या बरंच वर, पात्याच्या सपाट बाजूला टेकलं पाहिजे आणि टोक मागे वळलेलं असलं पाहिजे. नख दातांच्या पातळीला उतरलं की धरणं चुकलं. खाच ५-६ मिलिमीटर खोल झाली की डावा हात तिथून उचलून निदान एक वीत लांब न्यायचा. नेमकी हीच गोष्ट होत नाही. करवत चालायला लागली की माणसाचं लक्ष रेघेकडे जातं आणि हात होता तिथेच राहतो. नव्या मुलांना अंगठा वापरू देऊच नका. काटकोनात रंधलेला चाळीस-पन्नास मिलिमीटर उंचीचा ठोकळा रेघेला लागून क्लॅम्पने आवळायचा आणि पातं त्याच्या अंगाला घासत चालवायचं. काप सरळ येतो आणि अंगठा त्या जागेच्या आसपासही लागत नाही.

आता लाकूड धरण्याबद्दल. आपल्याकडचे बरेच मिस्त्री जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून कापतात. हात बसलेला असतो, वेगही चांगला असतो. त्यांना उद्यापासून उभ्याने काम करा म्हणालात तर ते चार दिवस करतील आणि पाचव्या दिवशी पुन्हा खाली बसतील. त्यापेक्षा गुडघ्याइतकी, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची मजबूत घोडी (लाकूड टेकवायचा पायांचा आधार) करून द्या. फळी घोडीवर ठेवून वरून गुडघ्याने दाबायची, म्हणजे पाऊल दातांच्या वाटेत येत नाही. बसूनच काम करायचं असेल तर जाड पाटावर पुढच्या बाजूला एक आडवी पट्टी ठोका, फळी त्या पट्टीला टेकवा आणि एक क्लॅम्प लावा. पाय फक्त तोल सांभाळायला. अनवाणी कापू देऊ नका, चपलेवरही नाही. तुटून पडणारा तुकडा पायाच्या बोटांवरच येतो.

लहान तुकड्यांसाठी बेंच हूक हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. १८ मिलिमीटर प्लायचा २५ बाय २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. वरच्या बाजूला पलीकडच्या कडेला चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी, खालच्या बाजूला अलीकडच्या कडेला तशीच दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकतं, आणि करवत पुढे ढकलली की तिच्याच जोराने लाकूड घट्ट बसतं. वरची पट्टी उजव्या बाजूला दोनेक सेंटिमीटर आखूड ठेवा, म्हणजे काप पूर्ण झाल्यावर दात टेबलावर न लागता प्लायवर उतरतात. डावखुऱ्यासाठी डावीकडे आखूड. पट्ट्या स्क्रूने नाही, डिंक आणि लाकडी खुंट्यांनी बसवा. हूक झिजत जातो आणि एक दिवस करवत आतल्या स्क्रूवर चालते. एका दुपारी उरलेल्या प्लायमधून आठ हूक होतील, प्रत्येक बेंचला एक.

करवत धरताना तर्जनी मुठीच्या बाजूने पुढे सरळ ठेवली की पातं मनगटात वळत नाही. खांदा, कोपर आणि पातं एका रेषेत हवं. आडवा काप ४५ अंशांच्या आसपास, लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभं चिरताना ६० अंश. हात पूर्ण लांबीचा असावा. आखूड, घाईच्या हातांनी मधलेच दात झिजतात, आणि मग तीच करवत मध्ये बोथट आणि टोकांना धारदार अशी विचित्र होऊन बसते.

करवत अडकते ती बहुतेक वेळा टेकू चुकल्यामुळे. फळी दोन घोड्यांवर टेकवून मधोमध काप घेतला की फळी खाली झुकते, काप वरून मिटतो आणि पातं चिमटलं जातं. माणूस चिडून जोर लावतो, पातं वाकतं, मग एकदम सुटतं आणि मूठ धरलेला हात समोर जाऊन आदळतो. म्हणून काप नेहमी टेकूच्या बाहेर घ्यायचा, कापायचा तुकडा मोकळा लटकता ठेवून. लांब चिरताना काप मिटत असेल तर मागे पाचर सारून ठेवा. अडकलीच तर पिळायची नाही. काप उघडायचा आणि सरळ रेषेत मागे ओढून काढायची. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला जोर पूर्ण काढून घ्यायचा, हात आखूड करायचे आणि तुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने बाहेरच्या टोकाला धरायचा. कापाच्या खाली हात नेऊन तो झेलायची सवय फार वाईट. लाकूड शेवटी तडकतं आणि करवत खाली उतरते ती थेट तळहातावर.

जुन्या शहरातल्या पाडलेल्या वाड्यांचं सागवान तुमच्याकडे येत असणार. त्यात मोडके खिळे लाकडाच्या आत दडलेले असतात. कापायच्या रेघेवरून आधी चुंबक फिरवा. खिळ्यावर दात लागला की करवत उसळते, आणि तेवढ्या भागाची धार गेली ती गेली.

आता धार. पावसाळ्यातच अपघात का वाढले, याचं उत्तर बहुधा इथे आहे. वडोदऱ्यात जुलै ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की भिंतीला टांगलेल्या करवतीवर दोन दिवसांत तांबूस थर चढतो. गंजलेलं पातं कापात घासतं. लाकूडही फुगलेलं असतं, त्यामुळे काप आणखी आवळतो. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात घसरला की लांब जातो. काम संपल्यावर पात्याला मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. कामाच्या वेळी पात्याच्या दोन्ही अंगांना मेणबत्ती घासा. तेल लाकडाला डाग पाडतं आणि पुढे पॉलिश धरत नाही. गंज चढलाच तर ३२० नंबरचा पॉलिश पेपर थोड्या रॉकेलवर चालवा, आणि हात दातांपासून पाठीच्या दिशेने न्या.

बोथट करवत ओळखायला उजेडात दातांची टोकं बघायची. टोकावर चमकणारा ठिपका दिसला की दात बोथट; धारदार टोकावर उजेड थांबत नाही. भुशावरूनही कळतं. धारदार करवतीचा भुसा जाडसर, कणीदार पडतो, बोथटीचा पिठासारखा.

धार लावायचा क्रम बदलू नका. आधी सपाट कानस सगळ्या दातांच्या माथ्यावरून हलकेच फिरवून दात एका उंचीला आणायचे, इतकेच की प्रत्येक दातावर बारीक चमक यावी. मग दात एक सोडून एक उजवीकडे-डावीकडे फाकवायचे. शेवटी तिकोनी कानशीने प्रत्येक खाच घासायची. चिरायच्या करवतीला, म्हणजे इंचाला चार ते सात दात असतात तिला, कानस पात्याशी काटकोनात. आडव्या कापाच्या, इंचाला आठ ते बारा दातांच्या करवतीला ती साधारण ६५ अंशांवर तिरकी. एका बाजूने एक सोडून एक खाच घासत जायचं, मग करवत उलटी धरून उरलेल्या घासायच्या.

सगळ्यात जास्त चुका दात फाकवण्यात होतात. खिळा आणि हातोडीने, अंदाजाने दात वाकवणारे अजूनही आहेत. एका बाजूचे दात जास्त फाकले की करवत त्या बाजूला पळते. मिस्त्री ती रेघेवर आणायला मनगट पिळतो, पातं अडकतं, आणि आपण वर पाहिलेलं सगळं पुन्हा घडतं. शंभरातल्या नव्वद वेळा ‘करवत वाकडी चालते’ ही तक्रार माणसाची नसून फाकवणीची असते. दात फाकवायचा खास प्लायर वापरा. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवायचा, बुडापासून वाकवला तर दात तडकतो. कापाची रुंदी पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून जास्त नको, ०.९ मिलिमीटरच्या पात्याला १.३ मिलिमीटरच्या आसपासचा काप पुरे. सुक्या सागवानाला याहूनही कमी चालतं, ओल्या लाकडाला थोडं जास्त लागतं. बिनमुठीची कानस वर्कशॉपमध्ये ठेवूच नका. तिचं टोक तळहातात घुसण्याचे प्रकार करवतीच्या जखमांइतकेच ओळखीचे आहेत, फक्त त्यांची कोणी चर्चा करत नाही.

दातांची टोकं निळसर-काळी दिसत असतील तर ती कडक केलेल्या दातांची करवत आहे. तिच्यावर कानस नुसती घसरते. ती बोथट झाली की बदलायची, धार लावायला वेळ घालवू नका. १८९० साली कलाभवन ही तंत्रशाळा सुरू करून हातांना धंदा शिकवणाऱ्या शहरात आज करवतीला नीट धार लावणारा शोधावा लागतो, म्हणून बरेच जण या करवतींकडे वळलेत. ते चुकीचं नाही, फक्त बदलायची वेळ पाळली पाहिजे.

मूठही तपासा. मे महिन्याच्या उन्हात लाकडी मूठ सुकून आकसते आणि तिचे स्क्रू ढिले होतात. हलणाऱ्या मुठीला टेप गुंडाळणं हा इलाज नाही, स्क्रू आवळा. तडा गेलेली मूठ बदला.

हॅक्सॉचं दुखणं वेगळं आहे. तिथे ब्लेड मोडतं, आणि मोडतं त्या क्षणी जोर लावलेला हात पुढे जाऊन वाइसवर (लोखंडी शिकंज्यावर) किंवा जॉबच्या (कापायच्या वस्तूच्या) कडेवर आपटतो. फिटरची बोटं सोलली ती अशीच. कारणं चार-पाचच असतात. पहिलं, दातांची निवड. कापल्या जाणाऱ्या जाडीत एका वेळी निदान तीन दात टेकलेले हवेत. इंचाला १८ दातांच्या ब्लेडला त्यासाठी सव्वाचार मिलिमीटर जाडी लागते, २४ दातांना सव्वातीन, ३२ दातांना अडीचच्या आत. दोन मिलिमीटरच्या चौकोनी पाइपवर १८ चं ब्लेड चालवलं की दात पाइपच्या भिंतीवर अडकतो, तुटतो आणि मग ब्लेडच जातं. पातळ पत्रा असेल तर तो प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून तिघांना एकत्र कापा. पाइप एकाच बाजूने आरपार न कापता, एक भिंत कापली की थोडा फिरवून पुढे कापायचा.

दुसरं, ताण. ब्लेडचे दात मुठीपासून दूर, पुढच्या दिशेला. विंग नट बोटांनी घट्ट होईपर्यंत फिरवायचा, मग आणखी साधारण तीन फेरे. ढिलं ब्लेड वाकतं, अती ताणलेलं भोकापाशी तुटतं. काही कापांनंतर ब्लेड तापून ताण कमी होतो, तेव्हा पुन्हा बघायचा. दिवसाअखेर ताण सैल करून ठेवायचा.

तिसरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. ब्लेड मध्येच मोडलं आणि नवं लावलं तर ते त्याच कापात घालायचं नाही. जुन्या ब्लेडचे दात झिजलेले, त्याचा काप अरुंद. नव्याचे दात जास्त फाकलेले. नवं ब्लेड त्यात अडकतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाताला मोडतं. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करायचा.

जॉब वाइसमध्ये असा धरायचा की कापाची रेघ जबड्यापासून सहा ते दहा मिलिमीटरवर राहील. लांब काढला की थरथरतो, दात गळतात. वाइसचे जबडे कोपराच्या उंचीला. मिनिटाला ४० ते ५० हात, जोर फक्त पुढे जाताना, मागे येताना ब्लेड हलकं. पूर्ण कडक हाय स्पीड स्टीलचं ब्लेड काचेसारखं तुटतं. ते फक्त पक्क्या वाइसवर वापरा. साइटवर, शिडीवर किंवा डोक्याच्या वर कापायचं असेल तर लवचीक, बाय-मेटल ब्लेड. दोन्ही वेळा चष्मा हवाच. आणि मोडक्या ब्लेडला सुतळी गुंडाळून केलेले चाकू गोळा करून फेकून द्या. प्रत्येक वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये दोन-तीन असतात, आणि बोटं तिथेच कापतात.

करवती नेण्या-ठेवण्याचं थोडक्यात. वायरिंगची पीव्हीसी कॅसिंग पट्टी किंवा उभी चिरलेली अर्धा इंची पाइप दातांवर सरकवली की म्यान तयार. स्कूटरवरून साइटला नेताना तर ती हवीच. भिंतीला टांगताना दात भिंतीकडे, दुसऱ्याला देताना मूठ पुढे, आणि बेंचवर पातं कडेबाहेर नको. ही सूचना भिंतीवर लावणार असाल तर गुजरातीतही लावा. मालक मराठी, मिस्त्री गुजराती, हेल्पर हिंदी बोलणारा, अशा वर्कशॉपमध्ये एका भाषेतला फलक म्हणजे शोभेची वस्तू.

एमडीएफ आणि प्लाय कापताना एफएफपी२ (बारीक धूळ गाळणारा) मास्क द्या. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांमध्ये घातली. हातकरवतीची धूळ मशीनपेक्षा कमी, पण बंद खोलीत दिवसभर ती कमी राहत नाही.

कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवायचं, स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून दहा मिनिटं घड्याळ लावून दाबायचं आणि मध्ये उघडून बघायचं नाही. हळद, चुना, फेविकॉल काही नाही. बोटाचं टोक बधिर असेल किंवा पेरं वाकत नसेल तर जखम लहान दिसली तरी संवेदनेची नस (नर्व्ह) किंवा बोट वाकवणारा स्नायूबंध (टेंडन) तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी सर्जनला दाखवा, सयाजी हॉस्पिटलला नेलं तरी चालेल. तुकडा तुटलाच तर तो ओलसर स्वच्छ कापडात, मग बंद पिशवीत, आणि पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फावर थेट नाही. गाडीसाठी १०८. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालेलं नसेल तर मळक्या करवतीच्या जखमेनंतर पुन्हा घ्यावं लागतं, म्हणून प्रत्येकाची तारीख रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.

आता मोजे. करवत धरणाऱ्या हातात मोजा नको, पकड कळत नाही आणि उन्हाळ्यात घामाने घसरतो. लाकूड धरणाऱ्या हातात घट्ट बसणारा, कापण्याला प्रतिकार करणारा मोजा द्या. पाकिटावर ईएन ३८८ (मोज्यांचं युरोपीय मानक) आणि त्याच्या आकड्यांनंतर किमान सी हे अक्षर बघा. बाजारातले पांढरे विणलेले सुती मोजे घेऊ नका, त्यांचे धागे दातांत ओढले जातात. चांगला मोजाही करवतीपुढे खात्री देत नाही. ती कसोटी सरळ धारेच्या पात्याची असते, करवत तर फाडते.

आणि सगळं मशीनवर न्यायचं का? लांब चिरकाम जरूर न्या, ते हाताने करण्यात आता अर्थ नाही. पण साइटवरचं फिटिंग, सांध्यांची खाच, दरवाज्याच्या तळाचे दोन मिलिमीटर यांना हातकरवत लागणारच. मशीनवर गेलात तर जखमा कमी होतील असं धरू नका. त्या वेगळ्या होतील आणि मोठ्या होतील. फिरत्या पात्यापाशी, ड्रिलपाशी कुठलाच मोजा चालत नाही, तो हातासकट आत ओढला जातो. सुताराला एकदा मोज्याची सवय लागली की तो तसाच कटरपाशी जातो. म्हणून मोजे वाटण्याआधी मशीनच्या खोलीच्या दाराबाहेर खुंट्या ठोका, आणि मोजा तिथे अडकवल्याशिवाय कोणी आत जायचं नाही असा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा.